बेडकाला हळद लावू नका

आजारी जीव दारात आला तर त्याला तसाच टाकून देणे ही मराठवाड्याची रीत नाही. वासराचा पाय मोडला तर कामट्या बांधल्या जातात, चिमणीचे पिलू खाली पडले तर वाटीत पाणी ठेवले जाते, कुत्र्याला जखम झाली तर हळद-तेल लावले जाते. पाऊस सुरू झाला की या यादीत बेडकाची भर पडते. मांजराने धरलेला, दुचाकीखाली पाय सापडलेला, न्हाणीत फिनेल अंगावर पडलेला किंवा कोरड्या हौदात अडकून सुकलेला बेडूक एखादे पोर ओंजळीत घेऊन घरी येते आणि याला बरे करा म्हणून हट्ट धरते. हट्ट चांगला आहे, तो मोडू नये. मात्र घरातली नेहमीची माया, म्हणजे हळद, मीठ, डेटॉल, दूध आणि सारखे हातात घेणे, बेडकाच्या बाबतीत औषध ठरत नाही. उलट तीच त्याच्या जिवावर उठू शकते.

बीड जिल्ह्यात या गोष्टीला एक जास्तीचा संदर्भ आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत आणि गोदावरीच्या दक्षिणेला वसलेला हा जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसाने ओढ दिली की गावोगावी धोंडी मागितली जाते. लिंबाच्या डहाळ्या अंगाला बांधलेली पोरे, मुसळाला किंवा काठीला बांधलेला बेडूक आणि दारोदारी त्यांच्यावर ओतले जाणारे पाणी हे दृश्य जुन्या पिढीला नवे नाही. विधी संपल्यावर पावसाची वाट सगळेच पाहतात. काठीवरून सोडलेल्या बेडकाचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तोही एक रुग्णच असतो. त्याची शुश्रूषा कशी करावी, हा प्रश्न वरवर पोरखेळ वाटला तरी त्याचे उत्तर माणसाच्या पाण्यापर्यंत आणि शिवारापर्यंत जाऊन पोचते.

लावलेले म्हणजे पाजलेले

बेडूक समजून घ्यायचा तर त्याची कातडी समजून घ्यावी लागते. माणसाची त्वचा हा एक अंगरखा आहे. बाहेरचे बाहेर आणि आतले आत ठेवणे हे तिचे मुख्य काम. बेडकाच्या कातडीवर केस नाहीत, खवले नाहीत, पिसे नाहीत. ती पातळ आणि ओलसर असते आणि तिच्यातून हवा, पाणी व क्षार यांची सतत ये-जा चालू असते. बेडकाला फुप्फुसे असतात, तरीही त्याचा बराच श्वास या ओल्या कातडीतून चालतो. ती सुकली की श्वासच अडतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागातली आणि मांड्यांजवळची कातडी ओल्या जागेला टेकवून तो पाणी शोषून घेतो. ओल्या मातीवर नुसता बसलेला दिसणारा बेडूक खरे तर पाणी पीत असतो.

याचा अर्थ सरळ आहे. बेडकाच्या अंगाला जे लावले जाते ते लावलेले राहत नाही, ते त्याला पाजल्यासारखे होते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट किंवा साबणाचे पाणी माणसाच्या जखमेवर चालते, कारण आपली कातडी त्यांना अडवते. बेडकाच्या शरीरात ती थेट उतरतात. मीठ लावले तर ते त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढते. हळदीची पूड ओलसर कातडीला चिकटून तिच्यावर थर धरते आणि जे अंग ओले राहायला हवे तेच कोरडे पडते. माणसासाठीचे कोणतेही मलम याला अपवाद नाही.

माणसाचा हातही निर्दोष नसतो. घामाचे क्षार, डास पळवणारे मलम, सॅनिटायझर, आदल्या तासाभरात मळलेल्या तंबाखूचा अंश आणि चुना, फवारणीचा पंप धरल्यावर तळव्यावर राहिलेले औषध हे सारे ओंजळीतल्या बेडकापर्यंत पोचते. म्हणून पहिला नियम असा, की बेडकाला उचलायचे असेल तर हात साबणाने धुवून, नंतर साबणाचा अंश राहणार नाही इतके साध्या पाण्याने खळखळून, ओल्या हाताने किंवा स्वच्छ ओल्या फडक्याने उचलावे. कोरड्या हाताने उचलल्यास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो.

प्रत्येक गप्प बेडूक आजारी नसतो

दुसरी चूक निदानाची होते. निरोगी बेडकाला आजारी समजून घरात आणणे हा त्याच्यावरचा पहिला अन्याय. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्याकाठी हळदीसारखे पिवळेजर्द मोठे बेडूक दिसतात, त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळसर फुगे येतात. अनेकांना वाटते की याला कावीळ झाली किंवा कोणी रंग टाकला. तो असतो भारतीय बुलफ्रॉगचा नर, आणि तो रंग असतो विणीच्या हंगामाचा. काही दिवसांत तो उतरतो.

उन्हाळ्यात विहिरीचे काम निघाले, शेततळे खोदायला घेतले किंवा नांगर खोल गेला, की मातीच्या ढेकळातून बेडूक बाहेर पडतो. डोळे मिटलेले, अंग आखडलेले, हालचाल जवळजवळ नाही. तो मेलेला नसतो आणि आजारीही नसतो. कमी पावसाच्या प्रदेशातले अनेक बेडूक कोरडे महिने जमिनीखाली सुप्तावस्थेत काढतात. काही जातींच्या मागच्या पायाच्या तळव्याला तर फावड्यासारखा टणक उंचवटाच असतो, त्याने ते उलट्या पावलांनी माती उकरत खाली जातात. अशा बेडकाला पाण्यात बुडवून जागे करण्याची गरज नाही. त्याच शिवारात, सावलीत, किंचित ओल असलेल्या भुसभुशीत मातीत त्याला हलकेच पुन्हा ठेवून वर माती लोटणे एवढेच पुरे.

बेडूक कात टाकतो तेव्हाही तो विचित्र दिसतो. अंग ताणतो, तोंड उघडझाप करतो, पातळ पापुद्रा ओढून गिळतो. दिवसा कोपऱ्यात गप्प बसणे हाही आजार नाही, कारण बहुतेक बेडूक रात्री फिरतात. धोका दिसला की भेक, म्हणजे अंगावर चामखिळीसारखे फोड असलेला खडबडीत बेडूक, अंग फुगवून बसतो. तीही सूज नव्हे, धमकी असते.

खऱ्या आजाराच्या खुणा वेगळ्या असतात. हात जवळ नेला तरी न हलणे, उलटा पडल्यावर सरळ न होता येणे, मांड्यांची आतली बाजू व पोट लालभडक होणे, पाणी भरल्यासारखे सर्वांग फुगून तसेच राहणे, कातडी जाड होऊन तिचे तुकडे सुटणे, डोळे आत जाणे, अंग चिकट कोरडे पडणे, तोंड उघडे ठेवून धापणे. मांड्या लाल होण्यामागे बहुधा एरोमोनास जातीच्या जिवाणूंचा संसर्ग असतो. घाण साचलेले पाणी आणि ताण यांनी बेडूक अशक्त झाला की तो बळावतो. महिनोन्महिने पेटीत ठेवून एकाच प्रकारचे खाद्य दिलेल्या बेडकाची हाडे कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाअभावी मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. हा आजार बेडकाचा कमी आणि पाळणाऱ्याचा जास्त म्हणावा लागेल.

शुश्रूषा म्हणजे हात आखडता घेणे

घरी करण्यासारखे जे आहे ते फार थोडे आहे, आणि तेच नीट करायचे आहे. झाकणाला बारीक भोके पाडलेला प्लास्टिकचा रुंद डबा किंवा टब घ्यावा. तो साबणाऐवजी गरम पाण्याने धुवून गार करावा. तळाशी रंग न जाणारे सुती फडके ओले करून अंथरावे. डबा एका बाजूने किंचित उंच ठेवून खालच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षा कमी पाणी साचू द्यावे, म्हणजे बेडकाला ओल्यात बसायचे की पाण्यात हे स्वतः ठरवता येते. अशक्त बेडूक खोल पाण्यात बुडूनही मरू शकतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका कोपऱ्यात आडोसा म्हणून खापराचा तुकडा पुरेसा असतो. एका डब्यात एकच बेडूक ठेवावा.

पाणी कोणते, हा बीडसारख्या जिल्ह्यात कळीचा मुद्दा आहे. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरिन असते, ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते. माणसाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, पण बेडकाच्या कातडीला ते झोंबते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात उघडे ठेवून एक दिवस जाऊ दिला की क्लोरिन बरेचसे उडून जाते. घरोघरी येणारे जारचे पाणी जास्त शुद्ध म्हणून बेडकाला चांगले असेल, असा समज होणे साहजिक आहे. मात्र त्यातले क्षार पुष्कळ काढून टाकलेले असतात. अशा पाण्यात आजारी बेडूक फार वेळ राहिला तर त्याच्या अंगातले क्षार बाहेर झिरपू लागतात. एक दिवस शिळे केलेले साधे पाणी त्यापेक्षा बरे. पाणी रोज, आणि घाण दिसली तर लगेच बदलावे. साखर-मिठाचे पाणी, ग्लुकोज किंवा ओआरएस यांचा प्रयोग करू नये.

डबा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या आणि शांत कोपऱ्यात ठेवावा. बेडकाचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. पत्र्याच्या घरात दुपारी डबा तापला तर त्याला घाम काढून अंग गार करण्याची सोय नाही. पंचवीस अंशांच्या आसपास त्याला बरे वाटते. ओल्या गोणपाटात ठेवलेल्या माठाशेजारची जागा उत्तम. फ्रिज, बर्फ, कुलरचा थेट झोत आणि ऊब मिळावी म्हणून ऊन, हे सगळे टाळावे.

फवारणीचे औषध, फिनेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड अंगावर पडले असेल तर वेळ दवडू नये. क्लोरिन उडालेले पाणी हाताशी नसेल तर मिळेल त्या स्वच्छ पाण्याने अंगावर हलकी धार धरावी आणि तीन-चार वेळा पाणी बदलत धुवून काढावे. येथे घाई हाच उपचार आहे. जखम असेल तर तीही फक्त पाण्याने धुवावी. उन्हाने किंवा कोरड्या हौदात सुकलेल्या बेडकाला उथळ पाण्यात बसवले की काही तासांत तो पाणी शोषून टवटवीत होऊ लागतो. धोंडीतल्या बेडकालाही बहुधा एवढ्याचीच गरज असते. दोरी सोडवताना मात्र ती ओढू नये, ओली करून कात्रीने कापावी.

खाऊ घालण्याची घाई अजिबात नको. भात, भाकरी, दूध, बिस्कीट हे बेडकाचे अन्नच नाही. तो हलणारा जिवंत किडा टिपतो. आजारपणात त्याचे पचन मंदावलेले असते आणि प्रौढ बेडूक काही दिवस उपाशी राहू शकतो. जबडा उघडून कोंबलेला घास त्याचे हाड मोडू शकतो. तो सावध झाला, उडी मारू लागला, की अन्न शोधणे हे त्याचे काम आहे.

दिवसातून दोनदा लांबून पाहावे, यापलीकडे त्याला त्रास देऊ नये. दर तासाला झाकण उघडून पोरांना दाखवलेला बेडूक बरा होत नाही. मोठ्या प्राण्याने पकडले की मरण, एवढेच त्याला ठाऊक असते. आपला प्रेमाचा हातही त्याला पकडच वाटतो. घरातल्या मोठ्यांनी पोरांना या निमित्ताने एक गोष्ट शिकवावी, की काही जिवांवर प्रेम करण्याची रीत म्हणजे त्यांना हात न लावणे.

डॉक्टर कोण आणि केव्हा

एक-दोन दिवसांत बेडूक सावरला तर संध्याकाळी, जिथे सापडला त्याच्या जवळच, ओलसर आडोशाला सोडून द्यावा. चांगल्या जागी सोडू म्हणून दुसऱ्या गावच्या तलावात नेऊ नये, कारण त्याच्याबरोबर एखादा आजारही तेथे जातो. सावरला नाही, हाड मोडलेले असेल, आतडे बाहेर आले असेल किंवा अंग फुगत चालले असेल, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जनावरांच्या दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी हे रोजचे रुग्ण असतात, बेडूक नेल्यास हसे होईल असे वाटू देऊ नये. तेथे अडचण आल्यास शेजारच्या जिल्ह्यांत परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

बेडकाची मात्रा त्याच्या ग्रॅममधल्या वजनावरून ठरवावी लागते. वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला माणसाच्या गोळीचा चुरा देणे म्हणजे विष देणेच. जाणकार पशुवैद्यक काही आजारांत औषध पाण्यात अतिशय विरळ करून बेडकाला त्यात ठराविक मिनिटे बसवतात. जी कातडी घरगुती उपायांनी त्याचा घात करते, तिच्याच वाटेने योग्य मात्रेतले औषध आत जाते. फरक फक्त मोजमापाचा आणि ज्ञानाचा आहे.

बेडूक हा वन्यजीव आहे, हेही विसरून चालत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली २०२२ ची दुरुस्ती वन्यप्राणी पकडण्यावर व बाळगण्यावर बंधने घालते. भारतीय बुलफ्रॉगचा तर आंतरराष्ट्रीय व्यापारही नियंत्रित आहे. परदेशी ताटांसाठी बेडकांच्या तंगड्यांची भारतातून होणारी निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, ती शेतातले बेडूक घटत चालल्याच्या चिंतेतूनच. म्हणून दोन दिवसांची शुश्रूषा वेगळी आणि रानातला बेडूक आणून पेटीत पाळणे वेगळे. जखमी वन्यजीवासाठी वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडणारे ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र जिल्ह्याला परिचित आहे. अशा ठिकाणी विचारणा करून पुढचे पाऊल उचलणे केव्हाही शहाणपणाचे. शहरातल्या दुकानातून आणलेला विदेशी बेडूक आजारी पडला, तर मात्र त्याला नदी-ओढ्यात सोडण्याचा विचारही करू नये.

माणसानेही आपली काळजी घ्यायला हवी. बेडकाच्या अंगावर आणि तो बसलेल्या पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि असा बेडूक स्वतः निरोगी दिसतो. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव पाणबेडकांमुळे पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीत ४४ राज्यांतले ३७६ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले निम्मे सुमारे पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. म्हणून डबा स्वयंपाकघरात नको, त्याचे पाणी भांडी घासण्याच्या जागी ओतायला नको, पाच वर्षांखालच्या मुलांनी बेडकाला हात लावायला नको आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे हवेच. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून पांढरे विषारी द्रव्य येते. ते डोळ्यांत गेले तर आग होते आणि भेक तोंडात धरणाऱ्या कुत्र्याला फेस येतो, क्वचित जीवही जातो. भेकाला हात लावल्याने चामखीळ होते ही समजूत मात्र निव्वळ खोटी. चामखीळ माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या विषाणूने होते. मेलेला बेडूक विहिरीत किंवा उकिरड्यावर न टाकता खोल पुरावा आणि डबा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावा.

एका बेडकाच्या पलीकडे

एक बेडूक वाचला काय किंवा मेला काय, त्याने जगाचे काय अडते, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर मध्य अमेरिकेतून आलेले आहे. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी तिथल्या जंगलांतून पसरली. ती कातडी जाड करते, क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी बेडकाचे हृदय बंद पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या बुरशीच्या आजारामुळे जगभरात किमान ५०१ जाती घटल्या, त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. कोस्टारिका आणि पनामा येथे बेडूक संपल्यानंतरच्या काही वर्षांत हिवतापाचे रुग्ण वाढल्याचे २०२२ च्या अभ्यासात दिसून आले. ही वाढ ऐन भरात असताना वर्षाला दर हजार लोकांमागे सुमारे एक जास्तीचा रुग्ण, इतकी होती. डासांवर आणि त्यांच्या अळ्यांवर जगणारे जीव गेले आणि त्याची किंमत माणसाच्या रक्तात मोजली गेली. जिथे दर पावसाळ्यात डेंगी-हिवतापाची चर्चा होते, तिथे हा धडा दूरचा मानता येणार नाही.

ही बुरशी आपल्यालाही परकी नाही. पुण्यातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये तिचा संसर्ग असल्याचे दाखवले. आशियातल्या बेडकांमध्ये अमेरिकेसारखी सर्वदूर मर दिसलेली नाही, हा दिलासा आहे. मात्र २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने या बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे आणि पाळीव व इतर उभयचरांच्या व्यापाराने ती जगभर गेल्याचे पुढे आणले. एका डबक्यातला बेडूक हौसेने दुसरीकडे नेणे किती महाग पडू शकते, हे त्यातून कळते.

बीडच्या शिवारात बुरशीपेक्षा जवळचा धोका फवारणीचा आहे. कापूस, सोयाबीन आणि ऊस या पिकांवर जे पडते ते पहिल्या पावसाबरोबर बांधालगतच्या डबक्यात उतरते, आणि बेडकाची वीण नेमकी त्याच वेळी, त्याच डबक्यात असते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सात शेती-औषधे शिफारस केलेल्या मात्रेत बेडकांच्या पिलांवर फवारून पाहिली. एका औषधाने तासाभरात सगळी पिले मेली, तर सर्वांत सौम्य ठरलेल्या औषधांनीही त्याच मात्रेत सात दिवसांत चाळीस टक्के पिले दगावली. बांधावर निपचित पडलेला बेडूक दिसला तर तो कशाने पडला, हा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याने स्वतःसाठीही विचारावा. आपली कातडी बेडकापेक्षा जाड असली तरी अभेद्य नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणी हंगामात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. अंगावर उडालेले, कपड्यात मुरलेले औषध कातडीतून आत गेले, हे त्यामागचे एक कारण होते. बेडूक आधी पडतो, कारण त्याच्या अंगावर सदराही नसतो.

त्यामुळे आजारी बेडकाची खरी शुश्रूषा घरातल्या डब्यात सुरू होत असली तरी तिथे संपत नाही. फवारणीचा पंप डबक्यात किंवा ओढ्यात न धुणे, बांधाजवळची पाण्याची एखादी जागा फवारणीपासून राखणे, हौद-टाक्यांत एखादी फळी तिरपी टाकून अडकलेल्या जिवाला वर यायला वाट ठेवणे, न्हाणीत फिनेल ओतण्याआधी कोपरा पाहणे, एका जागी अनेक बेडूक मेलेले दिसले तर वनविभागाला कळवणे, या कामांना खर्च नाही. पंचायतीने जलसंधारणाच्या कामात एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ साधेल. धोंडीचेही तसेच. पावसासाठी हात जोडणे हा श्रद्धेचा भाग आहे, त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. बेडूक ओरडतो म्हणून पाऊस येत नाही, पावसाची ओल आली म्हणून बेडूक ओरडतो, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येते. मुसळाला मातीचा बेडूक बांधला तरी दारोदारचे पाणी त्याच्यावर तितकेच पडेल, आणि डबक्यातला खरा बेडूक आपले काम करायला मोकळा राहील.

दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्याला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. बेडूक त्याच पाण्याचा सर्वांत उघडा साक्षीदार आहे. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आडपडदाच नाही. तो दारात आजारी पडून आला तर त्याला गार, अंधारी, ओली जागा द्यावी, हात आखडता घ्यावा, आणि तो उडी मारून गेला की तो ज्या पाण्यातून आला त्याच्याकडे एकदा नीट पाहावे. ते पाणी उद्या आपल्याच माठात यायचे आहे.